कडेचा फोटो मागा : ऑनलाइन नाणे लिलावाच्या ॲपचा माझा दीड वर्षाचा अनुभव

रेटिंग आधीच सांगतो, पाचपैकी दोन स्टार. एक पॅकिंगसाठी आणि एक ह्यासाठी की शोधलं तर चांगली माणसं तिथेही आहेत. ॲपचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण जे मी लिहितोय ते ह्या एकाच ॲपचं दुखणं नाहीये, जुनी नाणी बोली लावून विकणाऱ्या बहुतेक ठिकाणी हेच चाललंय आणि तुम्ही ज्यावर असाल त्याला पण हे लागू पडेल.

थोडं माझ्याबद्दल. नाशिकला राहतो, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात. नाण्यांचा नाद आजोबांच्या डब्यामुळे लागला, त्यात आठ-दहा राणीछाप रुपये, काही ढब्बू पैसे आणि भोकाचे पैसे होते. नाशिककराला ह्या गोष्टीचं वेड लागायला कारणं पण भरपूर आहेत. त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, परमेश्वरी लाल गुप्तांसारख्या मोठ्या अभ्यासकाने १९८० मध्ये उभी केलेली, तिथलं म्युझियम ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी एका रविवारी त्र्यंबकला जाताना नक्की थांबा. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली होती, सगळी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांच्या वर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला. लढाई जिंकली आणि हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर स्वतःची चिन्हं उमटवली. नाण्यात फेरफार करायचा तर असा, उघड उघड, खालचा चेहरा पण दिसतोय आणि वरचा छाप पण दिसतोय. माझ्या वाट्याला आला तो फेरफार ह्याच्या बरोबर उलटा होता, लपवलेला.

तर झालं असं की मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी ॲपवर सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया लिलावाला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९३८ चा रुपया कुठेही मिळतो, चांदीच्या भावापेक्षा थोडे जास्त दिले की झालं, पण १९३९ चा फार कमी बघायला मिळतो आणि मोठ्या लिलावात त्याला तगडी किंमत येते. मी १८,५०० ला घेतला. आपल्याला वाटलं लॉटरी लागली. पार्सल आलं, पॅकिंग खरंच सुंदर, बबल रॅप, आत कडक डबी, त्यात नाणं हलत पण नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर वजनकाटा मांडला आणि सगळ्या टेस्ट घेतल्या. वजन ११.६३ ग्रॅम, नियमाने ११.६६ पाहिजे, थोडी झीज धरली तर एकदम बरोबर. व्यास बरोबर. मॅग्नेट चिकटला नाही. फरशीवर हलकं वाजवलं तर खणखणीत, आमची आई आतल्या खोलीतून म्हणाली की आवाज आपल्या डब्यातल्या रुपयासारखाच आहे रे. पाण्यातली टेस्ट पण पास. मी निवांत झोपलो.

दोन दिवसांनी सराफ बाजारात आमच्या ओळखीच्या सराफ काकांना दाखवायला नेला. त्यांची तिसरी पिढी दुकानात बसते. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, टेबलाच्या काचेवर वाजवला, भिंग लावलं, बराच वेळ लावून ठेवलं, आणि मग म्हणाले, "चांदी चोख आहे. पण तू चांदी घेतलीस का साल घेतलंस?"

मी म्हटलं काका साल, १९३९ आहे.

"मग साल बघ की. ह्यात दोन नऊ आहेत ना, एक मधे आणि एक शेवटी? दोघं भाऊ दिसतायत का बघ."

दिसत नव्हते. पहिल्या नऊचं वरचं वेटोळं मोठं आणि मोकळं, शेवटच्याचं लहान, गोल आणि आवळलेलं, कारण तो मुळात नऊ नव्हताच, तो आठ होता आणि त्याच्या खालच्या वेटोळ्याची डावी बाजू कोणीतरी बारीक हत्याराने खरवडून काढली होती. भिंगातून त्या जागेची जमीन पण वेगळी दिसत होती, बाकी ठिकाणी जुन्या नाण्यावर जो करडा साय धरल्यासारखा रंग असतो तो त्या एवढ्याशा जागेत नव्हता, तिथे बारीक रेघा होत्या आणि त्या सगळ्या अंकाच्या कडेकडेने वळलेल्या. झीज अशी वळत नाही. झीज आधी उंच भागावर होते, राजाच्या गालावर, मुकुटावर, अंकाच्या एका बाजूला खोलात जाऊन बसत नाही.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, पैशापेक्षा जास्त. मी रोज कंपनीत पार्ट मोजतो आणि घरी पण सगळं मोजलं, पण मी जे मोजलं ते सगळं खऱ्या नाण्याचंच होतं. नाणं खरंच होतं ना, १९३८ चा बंदा रुपया, टांकसाळीत पडलेला. खोटा होता फक्त एक अंक, आणि अंकाला वजन नसतं. म्हणून ज्यांना वाटतं की काटा आणि मॅग्नेट घेतला की आपण सेफ, त्यांनी हे डोक्यात पक्कं बसवा, काटा फक्त धातू सांगतो. साल, टांकसाळीची खूण, एरर, ह्या ज्या गोष्टींचे तुम्ही जास्तीचे पैसे मोजता त्याबद्दल काटा काहीच सांगत नाही.

आणि लिस्टिंगमधले फोटो मी परत उघडून बघितले तेव्हा कळलं की सालावर सरळ समोरून पांढरा प्रकाश मारलेला, त्यात त्या रेघा दिसूच शकत नव्हत्या. कडेचा फोटो एकही नाही. तिरक्या उजेडातला फोटो एकही नाही. आणि मी मागितला पण नव्हता.

तेव्हापासून मी बोली लावायच्या आधी दोन गोष्टी मागतो. नाणं खिडकीजवळ धरून हळूहळू फिरवत घेतलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि कडेचे चार फोटो, चारी बाजूंनी. बस. ज्याचं नाणं चोख आहे तो पाठवतो, फार तर म्हणतो संध्याकाळी पाठवतो. ज्याचं नाहीये तो गप्प होतो किंवा म्हणतो "सर फोटो में सब क्लियर है". दीड वर्षात मला ह्याच्यापेक्षा भरवशाची चाळणी सापडलेली नाही.

कड का, ते सांगतो. आपल्याकडे चांदीचे रुपये लोकांनी तिजोरीत कमी आणि गळ्यात जास्त ठेवले, आमच्या आजीच्याच माळेत राणीछाप रुपये होते. माळेत ओवायला सोनार वरच्या बाजूला कडी बसवून झाळतो, आणि नंतर विकायच्या वेळी ती कडी काढून कड घासून टाकतात. समोरून नाणं एकदम छान दिसतं, पण राणीच्या डोक्याच्या बरोबर वर कडेवरचे कंगोरे दोन-तीन मिलिमीटर सपाट झालेले असतात किंवा हाताने कानशीने परत पाडलेले असतात आणि त्यांच्यातलं अंतर बाकीच्यांशी जुळत नाही. कधी भोक पाडलेलं असतं आणि ते चांदीने बुजवून वर अक्षर कोरलेलं असतं, असं नाणं माझ्याकडे एकदा आलं होतं, बुजवलेल्या जागेचा रंग किंचित पिवळट होता आणि कोरलेलं अक्षर बाकीच्या अक्षरांपेक्षा पातळ. कडी काढलेलं नाणं विकणं गुन्हा नाहीये, पण ते तसं लिहून, त्याला योग्य तो बट्टा लावून विकायला पाहिजे. ॲपवर त्याला "एक्स्ट्रा फाइन, रेअर" लिहितात.

कडेवरून अजून एक कळतं. ओतीव नकली नाणं साच्याच्या दोन भागांत होतं, त्याचा सांधा कडेवर येतो, मग तो घासून काढतात आणि घासल्याच्या रेघा राहतात. पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे, पुटकुळ्या, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. छाप मारून पाडलेल्या नाण्याला अशी पुटकुळी येत नाही, त्यात धातू दाबला जातो, ओतला जात नाही. आणि १९४० पासूनच्या रुपयात सरकारने चांदी कमी करून निम्मी केली तेव्हा कड पण बदलली, कंगोऱ्यांच्या मधून एक खाच फिरवली, म्हणून कोणी १९४० नंतरच्या रुपयाचं साल खरवडून जुनं करायला गेलं तर कडच चुगली करते. माझ्या १९३९ मध्ये तसं झालं नाही कारण ३८ आणि ३९ दोघांची कड सारखी, म्हणून कडेचे फोटो आणि तिरका उजेड दोन्ही पाहिजे, एकाने भागत नाही.

एरर कॉइन, म्हणजे टांकसाळीत चुकून बिघडलेलं नाणं, हा तर वेगळाच बाजार झालाय. दोन्ही बाजूला छापा असलेलं नाणं, दोन्ही बाजूला काटा असलेलं नाणं, असली नाणी बघितली की लोक वेडे होतात. बहुतेक वेळा दोन नाणी लेथवर घेतलेली असतात, एकाचा आतला भाग कोरून काढायचा, दुसऱ्याची जाडी आणि कड उतरवायची आणि वाटीत झाकण बसवावं तसं बसवायचं. सांधा कडेवर नाही, आतल्या बाजूला किनारीच्या आतून गोल फिरतो, तिथे भिंग लावा. वाजवलं तर आवाज बद्द येतो. मी स्वतः मशीन शॉप जवळून बघतो, हे काम चांगल्या टर्नरला अवघड नाहीये, म्हणून "असं कसं कोणी करेल" ह्या भ्रमात राहू नका. दुसरा प्रकार म्हणजे दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये दाबायची आणि एकाचा उलटा ठसा दुसऱ्यावर उमटला की ब्रॉकेज म्हणून विकायचं. खऱ्या ब्रॉकेजमध्ये आधीचं नाणं डायला, म्हणजे छाप मारायच्या ठशाला, चिकटून राहिलेलं असतं आणि पुढचं त्याच्यावर पडतं, त्यामुळे एका बाजूला आरशातल्यासारखा खोल आणि पूर्ण ठसा, आणि दुसऱ्या बाजूला नीट नेहमीची छपाई. व्हाइसवाल्यात ठसा उथळ असतो आणि दुसऱ्या बाजूचं चित्र दाबून सपाट झालेलं असतं. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचा मधला भाग तर लोक ठोकून काढतात आणि एरर म्हणून लावतात, त्यात ठोकल्याचे वळ आतल्या कडेला दिसतात.

आता पाण्याची टेस्ट सांगतो कारण मला दोन-तीन जणांनी विचारली होती. शंभर-दोनशे ग्रॅमपर्यंतचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पाहिजे. छोटा पेला पाणी भरून काट्यावर ठेवायचा आणि आकडा शून्य करायचा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं पण तळाला आणि काठाला टेकू द्यायचं नाही, हातात लटकतं ठेवायचं. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याचं कोरडं वजन भागिले तो आकडा. जुन्या रुपयात चांदी ९१.७ टक्के आणि बाकी तांबं, त्याचं उत्तर १०.३ च्या आसपास यायला पाहिजे, म्हणजे ११.६६ च्या नाण्याला आकडा साधारण १.१३. तांब्यावर किंवा पितळेवर चांदीचं पाणी दिलेलं असेल तर आकडा १.३ च्या पुढे जातो. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर उत्तर चुकतं, म्हणून पाण्यात एकदा हलवून घ्या. आणि ओलं नाणं कापडाने घासू नका, फक्त टिपून घ्या.

घासण्यावरून आठवलं. आपल्याकडे घराघरांत जुनी नाणी दिवाळीला चिंच लावून, रांगोळी लावून, पितांबरीने लखलखीत करायची पद्धत आहे, लक्ष्मीपूजनाला ठेवायची म्हणून. देवापुढे ठेवायला काही हरकत नाही पण विकायच्या नाण्याला हे केलं की त्याची किंमत पडते आणि ती परत येत नाही. ॲपवर मात्र लखलखीत नाण्यालाच जास्त बोली लागते कारण नवीन लोकांना चमक म्हणजे नवंकोरं वाटतं. फिरत्या तारेच्या ब्रशने पण चमक आणतात. खरी टांकसाळीची चमक नाणं फिरवलं की भिंगरीच्या पात्यांसारखी गोल फिरते, ब्रशची चमक जागच्या जागी चकाकते. म्हणून पण तो फिरवायचा व्हिडिओ पाहिजे, फोटोत ह्या दोन्ही चमका सारख्याच.

हाइपबद्दल बोलायला बसलो तर रात्र जाईल, पण काही गोष्टी बोलायलाच पाहिजेत कारण ह्यात साधी माणसं फसतायत. २०१२ चं माता वैष्णोदेवीचं पाच आणि दहा रुपयांचं नाणं, ते चलनातलं नाणं आहे, लाखात विकलं जातं अशा बातम्या आणि रील बघून आमच्या मावशीने दोन नाणी फडक्यात बांधून ठेवली होती, त्यांना समजावताना मलाच वाईट वाटलं. नव्या नाण्यांवर सालाखाली चांदणी असली तर ती हैदराबादची खूण, ठिपका नोएडाचा, पत्त्यातल्या चौकटसारखी खूण मुंबईची, काहीच नसेल तर कोलकाता. हे दुर्मीळ नाही, ते नुसतं गावाचं नाव आहे. एका लिस्टिंगला तर "नाशिक मिंट, अती दुर्मीळ" लिहिलेलं आणि साल स्वातंत्र्यानंतरचं. अहो आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात आणि स्टॅम्प पेपर छापतात, नाणी पडत नाहीत.

१९११ चा पंचम जॉर्जचा डुक्कर रुपया पण असाच. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ ला चित्र बदललं, गोष्ट खरी आहे आणि नाणं घेण्यासारखं आहे, पण ते रुपये परत घेऊन वितळवायच्या आधी लाखोंनी बाहेर गेले होते, त्यामुळे जगात चारच उरलेत असं कोणी लिहिलं की पुढे वाचू नका. १८६२ च्या राणीछाप रुपयाचं पण तेच, १८६२ हेच साल टाकून तो पुढे कितीतरी वर्षं पाडत राहिले, म्हणून तो सगळीकडे आहे. त्यात ठिपक्यांचे प्रकार आहेत आणि काही ठिपके खरंच कमी मिळतात, पण त्यासाठी ठिपका मोजता येईल असा फोटो पाहिजे.

राम दरबाराचं, ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं तर कंपनीने कधी पाडलंच नाही. राम-सीता, हनुमान, ओम, एका बाजूला कंपनीचं नाव आणि आणे, हे सगळे नंतर बनवलेले टोकन आहेत. आणि त्यांच्याच जोडीने "तांदूळ ओढणारं नाणं" विकतात, त्यात लोकांचे लाखो रुपये गेलेत, पोलीस केसेस झाल्यात. कृपा करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगा. रिझर्व्ह बँकेने पण ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलंय की जुन्या नोटा आणि नाणी विकून देतो म्हणून आमच्या नावाने कमिशन किंवा चार्ज मागणाऱ्यांच्या नादी लागू नका, बँक असल्या व्यवहारात नाहीच.

मराठी माणसाचं मन जिथे अडकतं तिथेच जास्त फसवणूक आहे, ती म्हणजे शिवराई. एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र पति. ही नाणी महाराजांनंतर पण पुढे पेशवाईभर आणि कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांपर्यंत त्याच नावाने पडत राहिली. आडव्या दोन रेघांची दुदांडी शिवराई त्यातली उशिराची. ती पण आपलीच आहे, तिचा पण मान आहे, पण ॲपवर प्रत्येक दुदांडीला "रायगड टांकसाळ, राज्याभिषेक १६७४" लिहून दहापट किमतीला लावतात तेव्हा मला खरंच राग येतो. महाराजांच्या नावावर हे करायचं? आणि सोन्याचा होन तर विचारूच नका, खरे होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके माहीत आहेत आणि ॲपवर दर आठवड्याला एक येतो.

मराठेशाहीतल्या रुपयांत अजून एक पळवाट आहे. ते हाताने पाडलेले, छाप मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे टांकसाळीचं नाव बऱ्याचदा नाण्याच्या बाहेरच राहतं. विक्रेत्याला हे सोयीचं, जे दिसत नाही तिथे तो हवं ते नाव लिहितो. आपल्या नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, त्या नावाचे रुपये आहेत आणि मी ते गोळा करतोय, चांदवडला पण टांकसाळ होती, म्हणून इथल्या लोकांना हीच दोन नावं दाखवून माल खपवतात. मी विचारतो की नावाची कुठली अक्षरं दिसतायत, त्यावर बाण मारून पाठवा. बाण आला तर ठीक.

आणि "शेतात नांगरताना सापडली" असं लिहिलेलं काही पण घेऊ नका. खरं असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे अशी सापडलेली गोष्ट कलेक्टरला कळवावी लागते, आणि खोटं असेल तर नकली नाणं मातीत, ॲसिडमध्ये पुरून हिरवं केलेलं असतं. तो हिरवा रंग टाचणीने पावडरसारखा निघतो, खरा जुना थर धातूला घट्ट धरून असतो. शंभर वर्षांपुढची नाणी परदेशात पाठवायची तर १९७२ च्या कायद्याचं बंधन आहे, हे पण ॲप कुठेच सांगत नाही, उलट "वर्ल्डवाइड शिपिंग" लिहिलेलं असतं.

बोलीबद्दल. मी आवडलेल्या लॉटचे स्क्रीनशॉट फोल्डरमध्ये ठेवतो, साल आणि तारखेप्रमाणे. त्यामुळे कळलं की "सोल्ड" झालेलं नाणं तीन आठवड्यांनी परत लिलावात येतं, राजाच्या मानेवरचा तोच ओरखडा, तोच काळा डाग, फक्त फोटोची पार्श्वभूमी निळीची लाल केलेली. म्हणजे मागचा खरेदीदार घरचाच होता. बोली वाढवत नेणारी एक-दोन खाती असतात ज्यांनी बाकी कुठे काहीच घेतलेलं नसतं. त्यामुळे ॲपमधल्या "मागच्या किमती" बघून तुमची बोली ठरवू नका. त्यापेक्षा मुंबई, बेंगळुरू, अहमदाबादच्या जुन्या लिलाव कंपन्यांचे कॅटलॉग आणि निकाल बघा, आणि खालची पट्टी म्हणून चांदीचा भाव धरा, जुन्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम आणि १९४० ते ४५ च्या रुपयात ५.८३. हातोडी पडल्यावर वर प्रीमियम म्हणजे ॲपचं कमिशन, जीएसटी आणि कुरिअर लागतो तो पण आधीच जोडून घ्या, माझ्या १८,५०० चे शेवटी वीस हजारांच्या वर गेले होते.

ग्रेडिंगच्या, म्हणजे नाणं तपासून दर्जा देणाऱ्या कंपनीच्या, डबीत सील केलेलं नाणं असेल तर डबीवरचा नंबर त्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि नुसता नंबर निघतो का ते बघून थांबू नका, तिथला फोटो आणि तुमचं नाणं डाग-डाग जुळवा, कारण नकली डब्या खऱ्या नंबरने निघतात.

कस्टमर सपोर्टला एक स्टार पण देणार नाही. १९३९ चं मी भिंगातून काढलेले फोटो, दोन नऊ शेजारी शेजारी लावून, सगळं पाठवलं. उत्तर आलं की फोटोप्रमाणेच वस्तू दिली आहे आणि रिटर्नचे तीन दिवस संपले. परत लिहिलं, तिकीट बंद. मग मी ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांचा उल्लेख करून तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, त्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यावा लागतो, आणि सोबत १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंद केली. सहा आठवड्यांनी पैसे आले, प्रीमियम कापून. नाणं परत पाठवायच्या आधी मी त्यांना मेलमध्ये लिहिलं की हे खरवडलेलं १९३८ आहे, परत १९३९ म्हणून लावू नका. दोन महिन्यांनी ते परत लागलं, दुसऱ्या खात्यावरून, १९३९ म्हणूनच. मी रिपोर्ट केलं, लिस्टिंग निघालं, आणि आता कुठे असेल माहीत नाही. म्हणून तुम्हाला १९३९ दिसला तर दोन नऊ आधी बघा, तो माझाच असू शकतो.

मग ॲप काढून टाकलं का, तर नाही. ब्रिटिशकालीन आणे, पैसे, साधी साखळी म्हणजे ओळीने सगळी सालं पूर्ण करायला हरकत नाही, शंभर-दोनशेत चांगली नाणी मिळतात आणि असल्या स्वस्त नाण्यात कोणी अंक खरवडायचे कष्ट घेत नाही. स्मारक नाणी मात्र ॲपवरून घेऊ नका, सरकारी टांकसाळ स्वतः वेबसाइटवर विकते, थांबायला लागतं पण सीलबंद येतात. पाच हजारांच्या वरचं काहीही मी आता नाणं हातात घेतल्याशिवाय घेत नाही, नाण्यांचं प्रदर्शन लागलं की तिथे जातो नाहीतर सराफ काकांच्या काचेवर वाजवून घेतो.

सध्या एका गुलशनाबादच्या रुपयावर डोळा आहे. विक्रेता सांगलीचा आहे, वयस्कर वाटतात बोलण्यावरून. कडेचे फोटो मागितले तर चार मागितले आणि सहा पाठवले, आणि पाचव्यावर स्वतःच लाल गोल करून लिहिलं, "इथे पूर्वी कडी होती, झाळ घासलेली आहे, बघून घ्या." टांकसाळीच्या नावावर बाण पण मारलाय, शेवटची दोन अक्षरं स्वच्छ दिसतात. कडीचा बट्टा धरून मी २,१०० लावलेत. शुक्रवारी रात्री नऊला बंद होतंय.